क्वर्टीशी भांडलेला प्रोफेसर

कोडिंग करून बोटं दुखतात ना? मग ऑगस्ट ड्वोरॅक यांना भेटाच. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने मेहुणे विल्यम डीली यांच्यासोबत टायपिंगचा कीस पाडला आणि १९३६ मध्ये नव्या कीबोर्डचं पेटंट मिळवलं. सगळे इंग्रजी स्वर डाव्या हाताखाली, मधल्या ओळीत. बोटांची पळापळच कमी! पण क्वर्टीवर हात बसलेले टायपिस्ट पुन्हा कशाला शिकतील? त्यात १९५६ च्या सरकारी चाचणीतही फायदा दिसला नाही. ड्वोरॅक १९७५ मध्ये गेले. अमेरिकेत त्यांच्या कीबोर्डला मानक म्हणून मान्यता मिळाली थेट १९८२ मध्ये. आज तुमच्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तो आहेच. लावून बघा. फक्त सेमीकोलन डावीकडे खालच्या कोपऱ्यात गेलाय, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हा प्रयोग नको!