विश्लेषण : ‘उणे दोन’ माकडे आणि भास्कराचार्य

जुईनगर स्थानकाला शून्य मानले, तर पनवेलच्या दिशेला नेरुळ अधिक एक आणि वाशीच्या दिशेला सानपाडा उणे एक, वाशी उणे दोन. उणे म्हणजे कमी प्रतीचे नव्हे, नुसते उलट दिशेचे. सहावीतल्या पूर्णांकांच्या धड्यात मुलांना घोळात टाकणारी ही गोष्ट साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरातल्या एका गणितज्ञाने भूमितीतून दाखवून दिली होती.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गाव विज्जडविड. ते नेमके कुठले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण झाला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पंचांगकर्त्यांच्या सोयीसाठी ‘करणकुतूहल’ लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिचा विवाहमुहूर्त हुकला, ही कथा मात्र अकबराच्या दरबारातील फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. गणितापेक्षा कथाच अधिक लोकप्रिय झाली, हे जरा दुर्दैवच.

ऋण संख्या त्यांचा शोध आहे का?

नाही. धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज, या शब्दांत बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच मांडले होते. पाचशेची उधारी असलेल्याने तीनशे फेडले की दोनशेचे ऋण उरते, हे किराणा दुकानदाराला कुणी शिकवावे लागत नाही. भास्कराचार्यांनी हे नियम ‘बीजगणिता’त नीट लावले. ऋण संख्या ओळखू यावी म्हणून अंकाच्या डोक्यावर टिंब दिले. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धनच. म्हणून वर्गमूळ धन किंवा ऋण असू शकते. ऋण संख्येला मात्र वर्गमूळ नाही, कारण ती कशाचाच वर्ग नसते.

खरी गंमत ‘लीलावती’तल्या एका त्रिकोणात आहे. बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला, तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे? गणित उत्तर देते १५ आणि उणे ६. लांबी उणे कशी असेल? भास्कराचार्यांचा खुलासा असा, की लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून तो तुकडा उलट दिशेला मोजायचा. कर्जाच्या वहीतली ऋण संख्या इथे दिशा बनते.

तरीही त्यांनी ऋण संख्या सगळीकडे स्वीकारली नाही. त्यांच्या एका उदाहरणात माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली. एक फांदीवर दिसले. एकूण किती? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून तीन गेले ७, वर्ग ४९, वरचे एक. जमले. पाचचा पाचवा भाग १, त्यातून तीन गेले की उरतात उणे दोन. वर्ग ४, वरचे एक. हिशेब इथेही बिनचूक जुळतो. पण हे दुसरे उत्तर त्यांनी बाजूला ठेवले, कारण कळपातली उणे दोन माकडे लोकांना पटणार नाहीत. ही माघार नव्हे, व्यवहाराची जाण म्हणावी लागेल. १५४४ मध्ये जर्मनीतला मिखाएल श्टिफेल अशा संख्यांना निरर्थकच म्हणत होता.

पुढे काय झाले?

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघणाचा राजज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तिथला शके ११२८चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात या घराण्याची वंशावळ आहे, आणि शेवटच्या ओळी आहेत जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीतून मठाला काय द्यायचे, याची ती नोंद आहे.