शिष्यवृत्ती देणारा राजा आणि न मिळालेली खोली : महाराजा सयाजीराव गायकवाड

शीळफाटा : बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज ही सयाजीराव गायकवाड यांची ओळख आपल्याकडे प्रत्येक जयंतीच्या भाषणातून होते. बहुतेकदा ती तिथेच थांबते. त्या शिष्यवृत्तीच्या आधी तीस वर्षे या राजाने शिक्षणासाठी काय केले होते आणि शिष्यवृत्ती देऊनही त्याच्या राज्यात काय उणे राहिले, हे फारसे सांगितले जात नाही. दहावी-बारावीनंतर मुलांसाठी प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्यामागे धावणाऱ्या पालकांनी तरी हा इतिहास पूर्ण समजून घ्यायला हवा.

कवळाण्याचा मुलगा

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड हे राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण शेतीवर जगणारे. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. दिवंगत खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याचा राजा झाला.

त्या वयापर्यंत त्याचे नीट शिक्षण झालेले नव्हते. इतर मुले ज्या वयात पुढच्या इयत्तांत पोहोचतात, त्या वयात त्याने अक्षरांपासून सुरुवात केली. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब, इतिहास असा अभ्यास झाला. राज्यकारभाराचे धडे दिवाण टी. माधवराव यांच्याकडून मिळाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. उशिरा का होईना, कोणीतरी शिकवले म्हणून माणूस बदलतो, हे त्यांनी स्वतःवरून अनुभवले होते.

शाळा उघडल्या, शिक्षक मिळेनात

१८८२ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी मागणी केली. इंग्रज सरकारने ती मानली नाही. त्याच सुमारास बडोदा संस्थानात अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी सरकारी खर्चाने मोफत शाळा सुरू झाल्या.

हुकूम निघाला तरी शिकवायला कोण जाणार, हा प्रश्न होताच. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांवर जायला तयार नव्हते. म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली. आदिवासी मुलांसाठी सोनगड येथे राहून शिकण्याची सोय झाली. रोज डोंगरातून चालत येणारे मूल शाळेत टिकत नाही, हे तिथे ओळखले गेले होते.

या शाळा वेगळ्या होत्या, सर्वांच्या शाळेत ही मुले नव्हती, ही त्यांची मर्यादा होती. तरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांपासून दूर ठेवलेल्या वस्तीत सरकार स्वतःच्या खर्चाने पाटी-पुस्तक घेऊन येते, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

सक्तीचे शिक्षण

मोफत शाळा असूनही गरीब बाप मुलाला गुरांमागे पाठवतो, कारण घर चालवायचे असते. म्हणून सयाजीरावांनी पुढचे पाऊल टाकले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत मुला-मुलींसाठी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. प्रयोग एका तालुक्यापासून सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू झाला.

इंग्रजांच्या ताब्यातील मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा ते मंजूर झाले नाही. बडोद्यासारख्या संस्थानाला जे जमले, ते साम्राज्याला परवडत नाही असे सांगितले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. संपूर्ण देशासाठी मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. म्हणजे बडोद्यानंतर एकशे चार वर्षे.

शिक्षण शाळेपुरते राहू नये म्हणून १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या मदतीने संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जात. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी स्त्रीशिक्षणाचा पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

भीमराव आणि बडोदा

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. रामजी सुभेदारांची पुढचे शिक्षण देण्याची ऐपत संपत आली होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या हुशार विद्यार्थ्याची गोष्ट सयाजीरावांपर्यंत पोहोचवली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. लगेच वडिलांच्या आजारपणाची बातमी आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी बाबांचे निधन झाले.

त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेत विद्यार्थी पाठवायचे ठरवले होते. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशा अटी होत्या. या पैशावर कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास झाला. मुदत वाढल्यावर लंडनमध्येही प्रवेश झाला. १९२५ मध्ये प्रकाशित झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीरावांना अर्पण केला, तो शिक्षणासाठी झालेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून.

पण या कथेचा दुसरा भाग बडोद्यातच घडला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि कराराप्रमाणे बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत आले. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नावाची नोंद करून एका पारशी धर्मशाळेत दीड रुपये रोजाने त्यांनी खोली घेतली. कचेरीत हाताखालची माणसे कागद दुरून टाकत.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. दिवाणांपर्यंत पोहोचून निर्णय होण्याआधीच, धर्मशाळेतल्या अकराव्या दिवशी, काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही काढता पाय घेतला. रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले. आज ती बाग सयाजी बाग म्हणून ओळखली जाते, आणि तिथल्या संकल्पभूमीवर दरवर्षी २३ सप्टेंबरला हजारो अनुयायी जातात.

यात सयाजीरावांचा हेतू वाईट नव्हता. पण राजाच्या मनात जे होते, ते त्याच्या कचेरीतल्या शिपायाच्या, कारकुनाच्या आणि शहरातल्या घरमालकाच्या मनात उतरले नव्हते. न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च देणारे सरकार बडोद्यात एक खोली देऊ शकले नाही. दहा वर्षांच्या नोकरीचा करार त्यामुळे काही दिवसांतच मोडला. पैसा दिला तरी राहण्याची जागा आणि माणुसकीची वागणूक दिली नाही, तर शिक्षणावरचा सरकारी खर्च वाया जातो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

मार्च १९१८ मध्ये मुंबईत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारण परिषद भरली. तिचे अध्यक्ष सयाजीराव होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. गादीवर बसल्यापासून चौसष्ट वर्षे होत आली होती.

बडोद्याचा धडा ठाण्या-पनवेलपर्यंत

बाबासाहेबांनी मिळालेली मदतही लक्षात ठेवली आणि न मिळालेली खोलीही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली. मुंबई सरकारचे अनुदान आणि लोकांच्या देणग्या यांवर तिने माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी वसतिगृहे चालवली. त्यांत नाशिक, पुणे, धारवाडबरोबर ठाणे आणि पनवेल ही गावे होती. आपल्या शीळफाट्यावरून एक रस्ता मुंब्र्यामार्गे ठाण्याकडे जातो आणि एक पनवेलकडे. या दोन्ही टोकांना शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रयत्नाच्या खुणा आहेत, हे इथल्या किती मुलांना माहीत आहे?

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका संस्थानिकाच्या मर्जीवर मिळालेली मदत हजारो मुलांसाठी सरकारी योजना झाली. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचा केंद्रीय दर्जा मिळायला मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले.

आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत मुंबई-ठाण्यासारख्या शहरांसाठी भोजन, निवास आणि निर्वाहाचे मिळून वर्षाला ६० हजार रुपये ठरले. म्हणजे महिन्याला पाच हजार. दिवा, मुंब्रा, डोंबिवली पट्ट्यात खोलीचे भाडे, डबा आणि लोकलचा पास यांचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला ही रक्कम किती पुरते हे सांगायला नको.

योजना कागदावर आहे, म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. अर्ज वेळेत भरणे, जातीचे व उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवणे हे आपले काम आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी जून-जुलैत विहारात बसून इतरांचे अर्ज भरून दिले, तर अनेकांचे वर्ष वाचेल. हप्ता वेळेवर खात्यात टाकणे आणि वसतिगृहांची संख्या वाढवणे हे सरकारचे काम आहे, आणि त्याचा हिशेब मागणे आपला हक्क आहे. कारण अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असताना मुलगा गाव गाठतो. १९१७ मध्ये बडोद्यात हेच झाले होते. तो विद्यार्थी बाबासाहेब होता, म्हणून तो पुन्हा उभा राहिला. प्रत्येक मुलाकडून तेवढ्या बळाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.