माहुली ते हरिपूर, हिमालयमार्गे

आम्हा दोघा मित्रांचा एक बेत गेली तीन वर्षे कागदावरच आहे. साताऱ्याजवळ क्षेत्र माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे; सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा. एका संगमावरून निघायचे आणि पाठीवर पिशवी टाकून, कृष्णेच्या काठाकाठाने चालत दुसऱ्या संगमावर पोहोचायचे. मित्र साताऱ्याचा, मी सांगलीचा. कराड, बहे, औदुंबर असे मुक्कामही ठरले. सामानाची यादी चारदा केली आणि दर वेळी ती वाढतच गेली.

ही यादी हातात घेतली की मला हटकून काकासाहेब कालेलकर आठवतात.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. घराणे मूळचे सावंतवाडीजवळच्या कालेलीचे. वडील सरकारी हिशेबखात्यात, त्यामुळे मुलाचे बालपण गावोगाव गेले. माहुलीचा संगम त्यांनी लहानपणीच पाहिला आणि पुढे देशातल्या नद्यांवर भरभरून लिहिताना कृष्णेला ते विसरले नाहीत.

सांगलीशी त्यांचा धागा वेगळा आहे. वडील पुढे सांगली संस्थानच्या खजिन्यावर अधिकारी झाले. संस्थानसाठी सरकारी रोखे घ्यायला ते पुण्यास आले, तेव्हा दत्तू फर्ग्युसन कॉलेजात शिकत होता. रोखे थोडे स्वस्तात मिळाले तर मधला फरक आपल्याकडे ठेवता येईल, असे त्याने सहज सुचवले. वडिलांना त्याचे अतिशय वाईट वाटले. ज्याचे मीठ खातो त्याच्याच पैशावर नजर ठेवणारा मुलगा आपल्या पोटी यावा, हे त्यांना सोसवेना. मुलगा मनातून शरमला. दुसऱ्याचे ओझे आपल्या पिशवीत घ्यायचे नाही, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

१९०७ साली ते बी. ए. झाले. बेळगावला शिक्षकी केली, मुंबईत ‘राष्ट्रमत’ या जहाल दैनिकात काम केले आणि १९१० मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. राष्ट्रीय शिक्षण देणारी ती शाळा सरकारी दडपणामुळे बंद पडली. तेव्हा, १९१२ साली, काकासाहेबांनी हिमालयाची वाट धरली. सोबत अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद. मर्ढेकर म्हटले की सातारकरांना आपले मर्ढे आठवायचेच! स्वामी मूळचे गुजरातचे, पण मराठी वृत्तपत्रांत मुरलेले.

यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी हे चारही धाम त्यांनी पायी केले. आज बदरीनाथ आणि गंगोत्रीपर्यंत मोटार जाते. तेव्हा वाटेवर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे दुकान आणि धर्मशाळा यांच्या मधले काहीतरी. शिधा दुकानदाराकडून घ्यायचा, की तो स्वयंपाकाला भांडी आणि रात्री अंग टाकायला जागा देई. पाठीवर संसार वाहून न्यायची गरजच नसे. या प्रवासाची हकिकत काकासाहेबांनी पुढे साबरमती आश्रमातल्या मुलांसाठी गुजरातीत लिहिली आणि १९२४ साली तिचे पुस्तक झाले. मराठी माणसाच्या या पुस्तकाला गुजरातीत मानाचे पान मिळाले.

इथवर सांगितले की माझ्या मित्राचे डोळे चमकतात. परंतु पुढचे मी त्याला परवापर्यंत सांगितले नव्हते. काकासाहेब निघाले तेव्हा ते एकटे नव्हते. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या आणि मुले अगदी लहान होती. बर्फातली प्रत्येक चट्टी पुस्तकात सापडते. मागे राहिलेल्या बाईचा मुक्काम मात्र कुठल्याच नकाशावर नसतो.

काकासाहेब परतले. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि ते आश्रमाचे झाले. पत्नी आणि मुलेही आश्रमात आली. १९३० मध्ये साबरमतीहून दांडीला सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेलेल्या सत्याग्रहींत सतीश आणि बाळ हे त्यांचे दोन्ही मुलगे होते. बाप हिमालयात गेला तेव्हा घरात राहिलेली मुले अशी स्वतःच्या पायांनी वाटेला लागली. काकासाहेब २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत वारले. मागासवर्ग आयोगाचे पहिले अध्यक्ष, पद्मविभूषण, असे पुष्कळ काही त्यांच्या नावावर आहे; पण माझ्यापुरते ते चालणारेच.

हे सारे ऐकून मित्र गप्प झाला. वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरायचे आहे आणि दहा दिवसांच्या या बेताचे त्याने घरात एका शब्दाने सांगितले नव्हते, हे तेव्हा मला कळले. यादी पिशवीची झाली होती, घराची राहिली होती.

त्याच रात्री त्याचा फोन आला. वहिनींनी सगळे ऐकून घेतले, यादीतल्या निम्म्या वस्तूंवर काट मारली आणि अट घातली. शनिवारी पहाटे निघायचे, जमेल तेवढे चालायचे, रविवारी संध्याकाळी एस. टी.ने घरी. पुढच्या खेपेला जिथे थांबलो तिथून पुढे. ऑपरेशनच्या महिन्यात मात्र चालणे बंद.

म्हणजे हरिपूर गाठायला आता दहा दिवसांऐवजी वर्ष लागेल. हरकत नाही. कृष्णा कुठे जात नाही. पहिला टप्पा माहुलीहून, येत्या शनिवारी. पिशवी हलकी झाली आहे.