परदेशातील बिऱ्हाड

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्या पदवीसाठी परक्या देशात त्यांना जे छोटेसे बिऱ्हाड थाटावे लागले, त्याची कथा थोड्यांनाच ठाऊक असते.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाईंचा जन्म झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. पण तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्रीच वैद्य असली पाहिजे, असा निर्धार त्यांच्या मनात रुजला.

अमेरिकेतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला होता. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पाहुणी म्हणून नुसते बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. घरातील कामांत त्या हात लावीत. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्यांनी तेथील मंडळींना जेवूही घातले.

खरी कसोटी पुढेच होती. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेगडीचे धुराडे बिघडलेले होते. विस्तव पेटवावा, तर खोली धुराने भरून जाई. न पेटवावा, तर थंडीने अंग गारठून जाई. आनंदीबाईंचा आहार शाकाहारी. तो त्या देशात सहजासहजी कोठून मिळणार? दिवसभर अभ्यास करून स्वतःचे अन्न स्वतःच शिजवावे लागे. प्रकृती ढासळू लागली, तेव्हा महाविद्यालयाच्या प्रमुख बॉडलीबाईंनी त्यांना काही काळ आपल्या घरी आश्रय दिला.

पोशाखाचाही प्रश्न होताच. आपला वेष व आपला धर्म सोडणार नाही, असे सांगून त्या स्वदेशातून निघाल्या होत्या. परंतु नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि तेथील थंडी तर हाडांपर्यंत शिरे. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. विलायती झगा मात्र त्यांनी अंगीकारला नाही. कशास घट्ट धरावे आणि कोठे थोडे वाकावे, हा विवेक त्यांच्या ठायी होता. पतीच्या पत्रांतून कधी धीर येई, तर कधी कठोर शब्द येत. तेही त्यांनी सोसले.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभास मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपविण्यात आली. परंतु परदेशातील कष्टांनी झिजलेल्या शरीरात क्षयाने घर केले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकाही रुग्णाची सेवा करण्याची संधी त्यांना कोल्हापुरात मिळाली नाही.

त्यांची रक्षा अमेरिकेत पाठविण्यात आली. पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवलेली आहे. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी त्या घराने कायमची आपली मानली.

मुलांनो, आज कवठे येमाईसारख्या गावातील मुलगी डॉक्टर होण्यासाठी घर सोडते, तेव्हा तिच्या वाटेवरचे पहिले काटे कोणी वेचले, हे आपण विसरता कामा नये. मोठी ध्येये केवळ सभागृहांत सिद्ध होत नाहीत. धुराने भरलेल्या एखाद्या खोलीत, एकटीने रांधलेल्या अन्नावर रात्री जागूनही ती सिद्ध होतात.