पॉल ज्युलियस रॉयटर

पॉल ज्युलियस रॉयटर (२१ जुलै १८१६ – २५ फेब्रुवारी १८९९) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश उद्योजक आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे संस्थापक होते. बाजारभाव व वार्ता तारेने पुरवण्याचा व्यवसाय त्यांनी जगभर विस्तारला. तारमार्ग जेथे अपुरा असे, तेथे पर्यायी साधन उभे करणे हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

पूर्वायुष्य

रॉयटर यांचा जन्म कासेल येथे एका ज्यू धर्मगुरूंच्या घरी झाला. त्यांचे मूळ नाव इस्रायल बेअर जोसाफाट असे होते. गॉटिंगेन येथे काकांच्या पेढीत काम करीत असताना त्यांचा गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांच्याशी परिचय झाला. गाऊस यांनी विद्युत तारायंत्रावर प्रयोग केले होते. १८४५ मध्ये लंडन येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारून रॉयटर यांनी नवे नाव धारण केले. पुढे बर्लिनमध्ये ते पुस्तकविक्रीच्या व्यवसायात भागीदार झाले. १८४८ च्या क्रांतीनंतर पॅरिसला जाऊन त्यांनी काही काळ शार्ल आव्हास यांच्या वृत्तसंस्थेत नोकरी केली.

कबुतरांची टपाल

१८४९ मध्ये बर्लिन ते आखेन हा तारमार्ग खुला झाला. दुसऱ्या बाजूने पॅरिसची वार्ता ब्रुसेल्सपर्यंत येत असे. मधले सुमारे १२० किलोमीटरचे अंतर मात्र तारेवाचून होते. ते काटण्यास आगगाडीला कबुतराहून कितीतरी अधिक वेळ लागे आणि तेवढ्यात भाव बदलून जात. एप्रिल १८५० मध्ये रॉयटर यांनी आखेनच्या हाइनरिश गेलर यांच्याशी करार करून त्यांची ४५ कबुतरे कामास लावली. कबुतर केवळ आपल्या ढाबळीकडेच परतते. त्यामुळे ती आगगाडीने ब्रुसेल्सला नेली जात आणि तेथून रोख्यांचे भाव घेऊन आखेनला उडत येत. तारमार्ग पुढे सरकत गेला तशी ही व्यवस्था निरुपयोगी ठरली.

लंडन आणि अटलांटिक

इंग्लिश खाडीखाली १८५० मध्ये टाकलेली पहिली तार लगेच निकामी झाली होती. पुढील वर्षी लोखंडी तारांचे कवच असलेली नवी तार टाकण्यात आली. ती जनतेस खुली होण्याच्या सुमारास, ऑक्टोबर १८५१ मध्ये, रॉयटर यांनी लंडनच्या रॉयल एक्स्चेंजजवळ कार्यालय उघडले आणि लंडन व पॅरिस येथील भावांची देवाणघेवाण सुरू केली. १८५८ पासून लंडनची वृत्तपत्रेही त्यांची ग्राहक झाली.

त्याच वर्षी टाकलेली अटलांटिक तार काही आठवड्यांतच बंद पडली आणि अमेरिकेची वार्ता पुन्हा आगबोटींवर अवलंबून राहिली. १८६३ मध्ये रॉयटर यांनी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील क्रूकहेवनपासून कॉर्कपर्यंत स्वतःची तार उभारली. येणाऱ्या आगबोटींवरून बातम्यांचे बंद डबे समुद्रात टाकले जात. ते होड्यांनी गोळा करून आतील मजकूर लंडनला कळवला जाई. १८६६ मध्ये टिकाऊ अटलांटिक तार सुरू झाल्यावर या व्यवस्थेचेही महत्त्व संपले.

मुंबई

युरोप व भारत तारेने जोडले गेल्यावर १८६६ मध्ये हेन्री कॉलिन्स यांनी मुंबईत रॉयटर्सचे कार्यालय उघडले. लिव्हरपूलचे कापसाचे भाव मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी महत्त्वाचे होते; परंतु तुर्कस्तानातून येणाऱ्या तारा विलंबाने आणि अनेकदा अशुद्ध रूपात पोहोचत. १८७० मध्ये रशिया व इराणमधून जाणारा नवा भूमार्ग आणि सुएझ–एडन–मुंबई हा समुद्रमार्ग असे दोन पर्याय उपलब्ध झाले. एक मार्ग बंद पडला तरी दुसरा हाताशी राहू लागला.

उत्तरायुष्य

रॉयटर १८५७ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. १८७१ मध्ये त्यांना जर्मनीतील सॅक्स-कोबुर्ग-गोथा संस्थानाकडून बॅरन हा किताब मिळाला. १८७२ मध्ये इराणच्या शहाने त्यांना रेल्वे व खाणींचे व्यापक अधिकार दिले. पण ते पुढील वर्षीच रद्द झाले. १८७८ मध्ये त्यांनी संस्थेची सूत्रे पुत्र हर्बर्ट यांच्याकडे सोपवली. फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

रॉयटर यांच्या पर्यायी व्यवस्था अल्पजीवी ठरल्या. मार्ग जोडला गेला की त्यांची गरज संपे. मार्ग खंडित झाल्यास दुसरा तयार हवा, ही गरज मात्र आजही कायम आहे. वेगवान शेअर व्यवहारांसाठी सूक्ष्मलहरींचे बिनतारी दुवे वापरले जातात आणि पावसाने ते विस्कळीत झाल्यास काहीशा मंद, पण भरवशाच्या प्रकाशतंतूंचा आधार घेतला जातो.