ज्ञानपीठ विजेत्या विंदांनी मुलांसाठी भुतं का आणली?

विंदा म्हटलं की धीरगंभीर कविता आठवते. गोविंद विनायक करंदीकर, जन्म २३ ऑगस्ट १९१८, देवगड तालुक्यातला. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ त्यांनी मराठीत आणला. १९४९ च्या ‘स्वेदगंगा’त तर घाम गाळणाऱ्यांची कविता.

आणि १९६१ मध्ये याच माणसाचं मुलांसाठी पुस्तक आलं, ‘राणीची बाग’!

गंमत नावापासूनच आहे. मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया राणीच्या नावाची बाग होती, लोकांनी तिची ‘राणीची बाग’ केली. पण वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या पोराला भायखळा कुठून माहीत असणार? त्याला दिसते ती गोष्टीतली, मुकुटवाली राणी.

‘पिशी मावशी’ तर त्याहून भारी. पिशी म्हणजे वेडी. तो शब्द ‘मावशी’ला असा चिकटतो की भुतं पाळणारी ही बाई घरचीच वाटते. मग भुताला घाबरणार कोण? ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) कुठल्याच नकाशात नाही. ‘अडम् तडम्’ (१९८५) हे नाव थेट मुलांच्या खेळातून उचललेलं. त्याचा अर्थ काय, असं खेळताना कुणी विचारतं का?

तेव्हा मुलांची कविता म्हणजे बहुतेकदा शहाणपणाचा डोस. विंदांनी मुलांना आधी हसवलं, हे आम्हाला त्यांचं मोठं काम वाटतं.

२००३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. पुरस्कारांचे पैसे ते संस्थांना देऊन टाकायचे. १४ मार्च २०१० रोजी ते गेले. पिशी मावशीची भुतं मात्र अजून पोरांना रात्री जागवतात, हसवून.