चिमाजी अप्पा

डहाणूपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे अशी किल्ल्यांची एक मालिकाच उभी आहे. हे किल्ले केवळ लढाईसाठी नव्हते. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवावी व मालावर जकात घ्यावी, हाही त्यांचा उपयोग होता.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढे दोनशे वर्षे येथे फिरंग्यांचा अंमल राहिला. पोर्तुगाल देश लहान. परंतु आफ्रिकेपासून मलाक्क्यापर्यंत त्याने समुद्रमार्गावर ठाणी बसविली होती. त्याचा परवाना जवळ नसला, तर भर समुद्रात जहाज पकडले जाई व माल जप्त होई. जमिनीवरही उच्चनीचतेची उतरंड होती. वसईच्या तटाआत पोर्तुगीज सरदारांचे वाडे असत. गावेच्या गावे त्यांच्या ताब्यात असत. त्यांच्याखाली देशी ख्रिस्ती, आणि सर्वांत खाली भात पिकविणारा शेतकरी. हिंदूंना आपले धर्मविधी उघडपणे करण्याचीही मोकळीक नसे. अखेर अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे धाव घेतली.

ही मोहीम बाजीराव पेशव्यांनी आपले धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्यावर सोपविली. अप्पा हे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे पुत्र. त्यांची प्रकृती नाजूक होती. बाजीरावांच्या तेजापुढे ते काहीसे झाकले जात. पण मोहिमेची आखणी, पैशाची तरतूद व माणसांची पारख यांत त्यांचा हात धरणारे थोडेच होते.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. तेथील किल्ल्याचे बांधकाम अजून पुरे झाले नव्हते. साष्टी बेटही हाती आले. परंतु वसई व माहीम येथील पहिले हल्ले फसले. इ. स. १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले आणि त्यांनी उत्तरेकडील ठाणी एकामागून एक घेण्यास आरंभ केला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले व त्याच महिन्यात तारापूरही. तारापूरचा तट सुरुंगांनी फोडावा लागला. आत शिरताना बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार गोळी लागून पडला. तो पेशवे बंधूंना सख्ख्या भावासारखा होता. त्याच्या मातोश्रींस पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले.

आता वसई उरली. तिच्या तीन बाजूंस पाणी होते. हल्ला करावयाचा तो उत्तरेकडूनच, आणि तोही पावसाळ्यापूर्वी; नाहीतर सारा खटाटोप वाया जाणार होता. फेब्रुवारीत वेढा पडला. मराठे वाळूतून सुरुंग नेत आणि आतले लोक तोफा व हातगोळे यांचा वर्षाव करीत. पोर्तुगीजांनीही शर्थ केली, हे मान्य केले पाहिजे. पैसा संपला तेव्हा चर्चमधील चांदीची भांडी गहाण ठेवून त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडून कर्ज काढले. अखेर मे १७३९ मध्ये बुरूज कोसळला व किल्ल्यावर शरणागतीचे निशाण लागले. तोवर मराठ्यांची हजारो माणसे कामास आली होती.

इतके रक्त सांडल्यावर सूड घेणे सोपे होते. परंतु अप्पांनी शत्रूला शस्त्रे, नगारे व निशाणे यांसह मानाने बाहेर जाऊ दिले. सामान हलविण्यास आठ दिवसांची मुदत दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा ठेवली. अर्थात अंमल बदलला म्हणून शेतकऱ्याचा सारा माफ झाला, असे मात्र नव्हे.

वसई पडताच मुंबईचे इंग्रज धास्तावले. त्यांनी आपला वकील कॅप्टन इंचबर्ड याला अप्पांकडे धाडले आणि जुलै १७३९ मध्ये तह करून मराठी मुलखात व्यापाराची सवलत मिळविली. त्यांच्या आरमाराशी पुढे गाठ पडणार होती. परंतु ती पाहण्यास अप्पा राहिले नाहीत. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यास अप्पांनीही देह ठेवला. त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांच्या आसपास होते. पुत्र सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचा होता.

पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत अप्पांच्या पुतण्याचा मुलगा, दुसरा बाजीराव, याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करणाऱ्या तहावर सही केली.